बेट निवडताना नुसता समुद्र पाहू नका

एकांनी लिहिलंय की इंग्रजी शिकायला कुठलंही पर्यटकांचं बेट चालेल, तिथे समलिंगी जोडप्यांकडे कोणी वळूनही बघत नाही. किनाऱ्यावर नसतील बघत, पण कायदा वेगळा असू शकतो. त्रिनिदादचंच घ्या. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हटलं आणि मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला! बार्बाडोसमध्ये मात्र २०२२ च्या डिसेंबरात न्यायालयाने असे कायदे रद्द केले.

जोडीदार सोबत असेल तर माझं मत हवाईला. तिथे २०१३ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे, शिवाय स्थानिक संस्कृतीत 'माहू' ही स्त्री-पुरुषांच्या मधली ओळख फार जुनी. खर्च मात्र घाम फोडतो.

पैसे जपून वापरायचे असतील तर फिलिपिन्समधलं सेबू बेट. तिथल्या इंग्रजीच्या शाळांत एक शिक्षक, एक विद्यार्थी, मध्ये छोटं टेबल. तासभर तुम्हालाच बोलावं लागतं, मागच्या बाकावर लपायची सोय नाही. पर्यटक म्हणून गेलात तरी वेगळा अभ्यास-परवाना लागतो, तो शाळाच काढून देते. समलिंगी विवाहाला तिथे मान्यता नाही, पण सेबू शहरात भेदभावविरोधी नियम आहे.

आणि एक गंमत. सेबुआनो भाषेत 'तो' आणि 'ती' दोघांना एकच शब्द, 'सिया'. त्यामुळे बोलण्याच्या ओघात तिथल्या लोकांचं इंग्रजीतलं 'ही' आणि 'शी' सर्रास उलटसुलट होतं. जोडीदाराबद्दल बोलताना कोणी सर्वनाम चुकवलं तर लगेच टोमणा समजू नका.