मदत हवी आहे: छात्राध्यापकांच्या मार्गदर्शक शिक्षकांना मानधन असते का?

चोपडा तालुक्यातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. दरवर्षी बी.एड.ची मुलं (छात्राध्यापक) आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या अध्यापनाच्या सरावाला येतात. दुसऱ्या वर्षीचे 16 आठवडे त्यांची पाठ टाचणं तपासणं, मागच्या बाकावर बसून निरीक्षण, शेरे, गुण हे सगळं आमच्याकडेच. माझे तास तेवढेच राहतात!

कॉलेज (खासगी, विनाअनुदानित) म्हणतं, मानधनाची तरतूद नाही. मुख्याध्यापक म्हणतात, लेखी आधार आणा. शिक्षण विभागात तोंडी विचारलं, टोलवाटोलवी झाली. एनसीटीईचं (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचं) मेंटॉरिंगचं, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करण्याबद्दलचं ब्लूबुक चाळलंय, त्यामुळे ते सुचवू नका. मला राज्याचा आदेश हवाय.

जळगाव, धुळे, नंदुरबारात कुणाला असं मानधन मिळालंय का? कोणत्या जीआरने वा विद्यापीठाच्या परिपत्रकाने? आणि 24 वर्षांच्या सेवेनंतरच्या निवड श्रेणीच्या (वरच्या वेतनश्रेणीच्या) प्रशिक्षणात हे काम कुठे धरलं जातं का?