झाडांना पाणी घालता घालता गाणं होतं म्हणे!

गंगावेस_कट्टा: काल इथं कुणीतरी 'म्युझिक अँड लिरिक्स'वर (2007, ह्यू ग्रँट, ड्र्यू बॅरीमोर) लिहिलं, "मनं जुळली की गाणं आपोआप होतं, आपल्या गीतकारांनी बघून शिकावं." काय शिकावं? ऐंशीच्या दशकातला, आता जत्रेत गाणारा पॉपस्टार पियानो बडवतो, झाडांना पाणी घालायला आलेली बाई सहज काहीतरी पुटपुटते, की झाली ओळ! चार दिवसांत गाणं तयार. आधी चाल, मग शब्द; म्हणजे आधी सदरा शिवायचा आणि मग त्यात मावणारा माणूस शोधायचा, असला हा प्रकार. गदिमांनी गीतरामायण आधी लिहिलं, मग बाबूजींनी चाली लावल्या. म्हणून 1955 पासून टिकून आहे.

पेटीवाली: गीतरामायण काढलंत ते बरं झालं. आठवड्याला एक, वर्षभरात 56 गीतं. म्हणजे मुदतीचा मुद्दा तुम्हीच निकालात काढलात.
आता सदऱ्याचं. किर्लोस्करांपासून नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल:' छापलेलं असतं, ते कशासाठी? चाल आधी ठरलेली म्हणून. 1911 च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांच्या चाली आहेत. टेंबे कोणत्या गावचे ते कोल्हापूरकरांना मी सांगायला नको.

गंगावेस_कट्टा: नाट्यपदात शब्द कळतात कुणाला? तान सुरू झाली की प्रेक्षक चहाला!

ढोलकी_लय_भारी: ओ, तोंड सांभाळून. गायकनट केशवराव भोसल्यांच्या गावात बसून हे बोलालायसा.

पेटीवाली: राहू दे. त्यांना चालीवर शब्द कसे बसतात तेच ठाऊक नाही. आधी 'लालाला'वर डमी गायचं. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते, स्वर कुठे थांबतो, श्वास कुठे घ्यायचा, त्यावर खुणा करायच्या. मग मात्रा, ह्रस्वाची एक, दीर्घाच्या दोन. केरवा ताल आठ मात्रांचा, दोन आवर्तनांची ओळ सोळाची. समजा आपल्या रंकाळा तलावावर ओळ सुचली,
*सांज उतरली रंकाळ्यावर*
आठ आणि आठ, चोख. पण चाल शेवटच्या अक्षरावर लांबत असेल तर 'वर'मध्ये ताणायला काही नाही, 'र' तोंडातच मरतो. उलटी करा: *रंकाळ्यावर सांज उतरली.* आता 'ली' लांबते, पण तो स्वर वरच्या, तार सप्तकात असेल तर 'ई'वर गळा आवळतो. तिथे 'आ' हवा. म्हणून: *रंकाळ्यावर सूर्य बुडाला.* सिनेमातली बाई हेच करते, फक्त तिच्या हातात पाण्याची झारी आहे.

गंगावेस_कट्टा: वा! सांज उतरली होती तेव्हा प्रेमगीत होतं, आता सुतकात गेलं. चालीपायी अर्थ गेला, हेच तर म्हणतोय मी!

शुद्धलेखन_पोलीस: अर्थ तर रोजच जातो. 'दिन'मधला 'दि' दोन मात्रा ताणला की 'दीन' होतो, 'सुत'मधला 'सु' ताणला की 'सूत'. हल्लीच्या मराठी गाण्यांत ह्रस्वावर बिनधास्त मुक्काम करतात. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेवर वाजतं ते तर...

ढोलकी_लय_भारी: डीजेवर नको, धागा बंद पडंल. माझं दुखणं वेगळं. 'ऐरणीच्या देवा' लागलं की सगळी म्हणत्यात लताबाईंचं गाणं. चाल त्यांचीच, आनंदघन नावानं, कबूल. पण शब्द आपल्या खेबुडकरांचं! 1965 चा 'साधी माणसं'. गीतकाराचं नाव घ्यायला काय जीभ झिजतीया?

गंगावेस_कट्टा: नावाचंच निघालं म्हणून सांगतो. पडद्यावर दोघं मिळून जे गाणं रचतात ते प्रत्यक्षात एकट्या अ‍ॅडम श्लेसिंजरचं. शब्द त्याचे, चालही त्याचीच. जुळली का मनं?

पेटीवाली: हे मात्र खरं. घ्या, एक गुण तुम्हाला. पण मग सिनेमातलं दुसरं खरंही माना. घरी केलेल्या डेमोत गाणं साधं असतं, गायिका कोरा त्याला नाचाचा ठेका आणि भारतीय फोडणी घालते, तिथे वाट लागते. बोल तेच, चाल तीच, संयोजन बदललं की गाणं मेलं. हे रडगाणं न लावता हसत दाखवलंय. त्याला गोडवा म्हणतात.

गंगावेस_कट्टा: तो प्रसंग बरा आहे. *तेवढाच.* पण 'बुडाला' मी घेणार नाही.

ढोलकी_लय_भारी: मग 'सूर्य उतरला' घ्या की. उ-त-र-ला, पाच मात्रा भरत्यात.

पेटीवाली: भरतात, पण उ-त-र तिन्ही ह्रस्व. माझी चाल दुसऱ्या अक्षरावर थांबते. 'डा'वर थांबता येतं, 'त'वर कसं थांबणार?

ढोलकी_लय_भारी: आसं हाय व्हय? मग तेवढी चाल बदला.

गंगावेस_कट्टा: झालं! शब्दासाठी चाल बदलायची. सकाळपासून मी दुसरं काय सांगतोय?

पेटीवाली: एका अक्षरापुरती. आणि ती मी बदललेली नाही अजून.