अंतराळयुद्धाच्या खेळात जहाजानं शरण यावं का?

कोथरूडचा कप्तान (धागाकर्ता): परवा रविवारी मित्राकडे 'फुल थ्रस्ट' मांडला होता, म्हणजे छोट्या जहाजांच्या प्रतिकृती घेऊन खेळायचा अंतराळयुद्धाचा खेळ. त्यात नुकसानीच्या चौकटींची एक ओळ खोडून झाली की जहाजाच्या प्रत्येक यंत्रणेसाठी फासा टाकतात. पहिल्या ओळीला ६ पडला तर यंत्रणा बंद, दुसरीला ५-६, तिसरीला ४ पासूनच. तोफा जातात, इंजिन जातं, कप्तानाची हिंमत मात्र शाबूत! माझी शेवटची क्रूझर, तिची एकच तोफ चालू, समोर पाच जहाजं. तरी दोन चहा होईस्तोवर फासे टाकत बसलो. माझं म्हणणं, यंत्रणांचे फासे टाकतो त्याच वेळी एक फासा खलाशांच्या मनोधैर्याचाही टाकावा. नापास झालं की जहाज शरण.

फासेबहाद्दर: साफ असहमत. महिनाभर रात्री जागून रंगवलेलं जहाज फाशानं परस्पर देऊन टाकायचं, तर मी काय नुसता चहा प्यायला येतो? शिवाय यंत्रमानवांचा ताफा असेल तर तो घाबरणार कशाला?

सदाशिवपेठी: १४ जानेवारी १७६१. विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसली आणि फौज फुटली. भाऊंनी कुठं 'पळा' म्हटलं होतं? धीर सुटतो तो सेनापतीला विचारून नाही. माझ्या मते फासा एकेका जहाजाला नकोच. ध्वजनौका, म्हणजे सेनापतीचं जहाज, गेली की उरलेल्या सगळ्यांनी टाकायचा.

डेक्कनचा दर्यावर्दी: पानिपत जमिनीवरचं झालं, आरमाराचं बघा. रशिया-जपान युद्धातली त्सुशिमाची लढाई, २८ मे १९०५. रशियन अॅडमिरल नेबोगातोव्हनं शरणागतीचे बावटे चढवले, तरी रशियन जहाजांची इंजिनं थांबेपर्यंत जपानी अॅडमिरल तोगोनं मारा थांबवला नाही. आणि त्याच ताफ्यातली 'इझुमरूद' ही क्रूझर शरण न येता सुसाट निसटली. म्हणजे ताफ्याचा एकच फासा हेही खरं नाही.

आता हेच अंतराळात न्या. तिथं इंजिन बंद केलं तरी जहाज त्याच वेगानं पुढे येत राहणार. ते शरण आलंय की अंगावर येतंय, हे ओळखायचं कसं? ताबा घ्यायचा तर आपल्यालाही तोच वेग, तीच दिशा पकडावी लागणार, त्यात दोन-तीन फेऱ्या जाणार. खरी गंमत तिथं आहे, फाशात नाही.

फासेबहाद्दर: हे पटलं. मग फासा सोडा, गुण बदला. उडवलेल्या जहाजाचे शत्रूला पूर्ण गुण, शरण आलेल्याचे अर्धे. मी आपणहून बावटा दाखवीन.

कोथरूडचा कप्तान: आणि समोरचा पूर्ण गुणांसाठी तुला बावट्यासकट उडवेल. तुला तर मी ओळखतो, तू नक्कीच उडवशील!

फासेबहाद्दर: उडवीन. नियमात बंदी कुठाय?

डेक्कनचा दर्यावर्दी: एकट्या डावात हे असंच होणार. मोहीम लावा, म्हणजे एकमेकांना जोडलेले डाव. पकडलेलं जहाज पुढच्या डावात शत्रूच्या ताफ्यात, खलाशी आपल्याला परत. शरण आलेल्यावर गोळी चालवली, तर त्या मोहिमेत पुन्हा गोळी चालवणाऱ्याला कुणी शरण जाणार नाही. नेबोगातोव्हला घरी मृत्युदंड झाला होता, नंतर दहा वर्षांच्या कैदेवर भागलं. तेव्हा कप्तानाची चौकशीही ठेवा.

सदाशिवपेठी: चौकशी समितीवर मी. रविवारी चार वाजता, चारच्या ठोक्याला.