मदत हवी आहे : सिल्व्हर हायड्रोजेल लावूनही जखमेच्या कडा पांढऱ्या पडताहेत

कोपरी_होमकेअर
पेशंटला सिल्व्हर हायड्रोजेल (जंतू मारायला चांदी घातलेलं ओलं जेल) चालू आहे, रोज ड्रेसिंग, वरून ट्रान्सपरंट फिल्म. स्लफ (जखमेवरचा मेलेला पिवळट थर) सुटत नाही आणि कडेची कातडी पांढरी, भिजल्यासारखी झालीय. कुठल्या कंपनीची ट्यूब चांगली? लवकर सांगा, संध्याकाळी ऐरोलीत व्हिजिट आहे.

सिस्टर_कळवा
जखम कुठे आहे? केवढी? स्राव किती? साफ कशाने करता? शुगर आहे का? हे काहीच न सांगता कंपनी कसली विचारताय!

कोपरी_होमकेअर
तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी. दोन रुपयांच्या नाण्याएवढी. शुगर आहेच हो, म्हणून तर झालं. सकाळचं पॅड संध्याकाळी ओलंचिंब असतं. बीटाडीनने पुसतो, मग जेल.

तुर्भेकर
मग कंपनी बदलून काय होणार? हायड्रोजेल म्हणजे बहुतांशी पाणी. कोरड्या, खपली धरलेल्या जखमेला ओलावा द्यायला ते असतं. तुम्ही वाहत्या जखमेवर लावून वरून फिल्मने कोंडताय. कडा भिजणारच. सिल्व्हर अल्जिनेट किंवा हायड्रोफायबर घ्या, दोन्ही स्राव शोषणारी ड्रेसिंग आहेत, वर फोमचं पॅड. अल्जिनेट जखमेच्या मापातच कापा, कडेवर आलं तर तिथली कातडीही भिजते. कडेला बॅरियर फिल्मचा (कातडी ओलाव्यापासून वाचवणारा) स्प्रे मारून पूर्ण सुकू द्या. झिंकचं मलम नको, फोम चिकटत नाही.
आणि बीटाडीन बंद. त्यातलं आयोडीन आणि सिल्व्हर एकमेकांना निकामी करतात.

नेरुळ_ओटी
सलाइनही नको. त्यातलं क्लोराइड सिल्व्हरला बांधतं. नॅनोक्रिस्टलाइन शीट (चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं ड्रेसिंग) तर स्टराइल वॉटरनेच भिजवायची असते.

तुर्भेकर
शीट भिजवायला नको, मान्य. जखम धुवायला सलाइन चालतं. जखमेच्या स्रावात क्लोराइड नसतं की काय?

मधुमक्षिका
एवढा खर्च कशाला? मध लावा. जंतू फारसे टिकत नाहीत.

सिस्टर_कळवा
मध ऑस्मोसिसने पाणी ओढतो, आधीच ओलं असलेलं पॅड आणखी भिजेल. शिवाय डब्यातला मध नकोच, त्यात क्लॉस्ट्रिडियम जंतूचे बीजाणू असू शकतात. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला वेगळा मिळतो.

वाशी_वैद्य
भाजल्यावर टूथपेस्ट लावू नये. आधी २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी.

तुर्भेकर
भाजलंय कोणाला?

सिस्टर_कळवा
कोपरी, ड्रेसिंग दुय्यम आहे. पेशंट त्या पायावर चालतो का?

कोपरी_होमकेअर
घरातल्या घरात. स्लिपर घालून. दुखत नाही म्हणतात.

सिस्टर_कळवा
दुखत नाही हीच तर अडचण, संवेदना गेलीय. त्या जागी प्रत्येक पावलाला दाब येतो, त्यावर कुठलंही जेल टिकणार नाही. ऑफलोडिंगची (त्या जागेवरचा दाब काढण्याची) सोय करा, कडेचा कडक घट्टा सर्जनकडून काढून घ्या. पायाच्या नाड्या लागतात का बघा. निर्जंतुक प्रोबने (बोथट सळईने) जखमेत हाड टणक लागलं तर एक्स-रे आणि सर्जन, ऑस्टिओमायलायटिसची (हाडातल्या इन्फेक्शनची) शक्यता धरा. लाली कडेपासून २ सेंमीच्या पुढे गेली किंवा ताप आला तर आजच दाखवा. इन्फेक्शन आत गेलं की पोटातून किंवा शिरेतून अँटिबायोटिक लागतं, सिल्व्हर वरवरचंच काम करतं.
जंतूंच्या तपासणीसाठी स्वॅब (कापसाच्या काडीने नमुना) घ्यायचा तर जखम आधी सलाइनने धुवा. पुवाचा स्वॅब नको. स्वच्छ तळाच्या १ चौसेंमी भागावर दाबून ५ सेकंद फिरवा.

नेरुळ_ओटी
खरं तर डायबेटिक फूटच्या (शुगरमुळे पायाला होणाऱ्या जखमांच्या) २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत जखम भरून येण्यासाठी सिल्व्हर वापरू नका असंच म्हटलंय. अल्जिनेटही साधंच घ्या की.

तुर्भेकर
भरून येण्यासाठी नाही, जंतूंसाठी. २ आठवडे लावून बघायचं, फरक नसेल तर बंद. महिनोन्‌महिने चालवणाऱ्यांनी त्याचं नाव घालवलंय.

कोपरी_होमकेअर
ठीक. फोम आणि अल्जिनेट मागवतो. फिल्म आजच काढतो. उरलेली ट्यूब दुसऱ्या पेशंटला चालेल ना? महाग आहे.

सिस्टर_कळवा
उघडलेली? अजिबात नाही.