रिमॅप केलेली (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस रोजच्या वापराला?

प्रश्न: १.८ टर्बो इंजिन, स्टेज १ (फक्त सॉफ्टवेअर बदललंय, पार्ट मूळचेच). पुण्यात रोज ऑफिसला चालेल? घेण्याआधी काय बघू?

बूस्टवाला: चालेल, पण आधी रबर बघा. इनटेक मॅनिफोल्डखालच्या ब्रीदर नळ्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) उष्णतेने चिरतात, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) पडदा फाटतो. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, गळतो आणि लोक उगाच टर्बो बदलत बसतात. स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या.

ग्रीसहात: खरी भीती स्लजची, म्हणजे ऑइलच्या घट्ट गाळाची. ऑइल पॅन उतरवून पिकअपची (ऑइल ओढणाऱ्या नळीची) जाळी बघाच. इंजिन गरम असताना २००० आरपीएमला ऑइल प्रेशर २.७ बारखाली असेल तर सौदा सोडा. टायमिंग बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), वॉटर पंपही बदला. पंपाचा प्लॅस्टिक पंखा तुटतो.

बूस्टवाला: गाडी चालवून बघताना चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्या. आरपीएम चढतंय, वेग नाही? क्लच गेला, किंमत पाडा.