बातम्या बघून आता काहीच वाटत नाही, तुमचंही होतं का असं?

डिचोलीची_पोर
काल रात्री जेवताना टीव्ही चालू होता (आमच्याकडे तो बंद कधी असतो म्हणा). सुदानमधल्या यादवी युद्धाची बातमी लागली, एल फाशर शहर, दीड वर्ष वेढा, पोरं नुसती हाडं उरलेली, आणि मी त्याच वेळी आईला म्हणतेय, हुमण आज पातळ झालंय गो. डोळे स्क्रीनवर आणि तोंडात हे! कुणीच काही बोललं नाही, बाबांनी रिमोट घेतला नि मॅच लावली. झोपताना आठवलं आणि माझीच मला लाज वाटली. गेल्या पावसाळ्यात नाक्यावर एक कुत्र्याचं पिल्लू गाडीखाली गेलं तेव्हा मी दोन दिवस धड जेवले नव्हते. मग एक कोटीच्या वर माणसं घरदार सोडून फिरतायत हे ऐकून पोटात काही हलत का नाही? मी निर्दय झालेय की सगळ्यांचंच असं?

फोंड्याचा_मास्तर
निर्दय बिर्दय काही नाही. मी सायकॉलॉजी शिकवतो म्हणून जरा बोलतो, कंटाळा आला तर स्क्रोल करा. पॉल स्लोविक म्हणून अमेरिकन संशोधक आहेत, त्यांचं आयुष्य याच प्रश्नात गेलंय. त्यांचं म्हणणं असं की एका जिवासाठी जेवढं तुटतं त्याच्या दुप्पट दोघांसाठी तुटत नाही, आणि लाखांवर गेलं की तो आकडा फक्त आकडा राहतो.
२००७ साली त्यांच्या टीमचा एक प्रयोग छापून आला. लोकांना एक फॉर्म भरायचे ५ डॉलर दिले आणि जाताना विचारलं, यातले दान करता का? काहींना माली देशातल्या ७ वर्षांच्या रोकियाचा फोटो दाखवला, काहींना आफ्रिकेतल्या लाखो उपाशी लोकांचे आकडे. रोकियाला सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकड्यांना १.१४. इथपर्यंत ठीक, कुणालाही पटेल. पण तिसऱ्या गटाला रोकिया आणि आकडे दोन्ही दिले, तिथे १.४३! म्हणजे आकडे शेजारी ठेवले तर त्या पोरीचे पैसे कमी झाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.
तुझं ते पिल्लू म्हणजे तुझी रोकिया.

सरळ_बोलणारा
आधी आपल्या रस्त्यावरचे खड्डे बघा, सुदान नंतर.

डिचोलीची_पोर
@सरळ_बोलणारा खड्ड्यांचंही आता काही वाटत नाही दादा, तोच तर प्रॉब्लेम आहे 😅

डेस्कवरचा_माणूस
बरीच वर्षं पेपरात डेस्कवर काढली, आमची बाजू सांगतो. युद्ध सुरू झालं की पहिल्या दिवशी लीड, आठवड्याने आतलं पान, महिन्याने सिंगल कॉलम, आणि रात्री साडेदहाला श्रद्धांजलीची जाहिरात आली की तोही उडतो. वाचकांना नको असतं म्हणून आम्ही काढतो आणि आम्ही काढतो म्हणून वाचकांना वाटतं संपलं वाटतं तिकडचं.
अ‍ॅलन कुर्दी आठवतो? सप्टेंबर २०१५, सीरियातून पळालेल्या कुटुंबातलं, समुद्रात बुडालेलं, तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर लाल शर्टात पालथं पडलेलं ते पोर. सीरियात त्याच्या आधी चार वर्षं माणसं मरत होती, आकडा लाखांत गेलेला, कुणी ढुंकून बघत नव्हतं. त्या एका फोटोनंतर स्वीडनच्या रेड क्रॉसच्या सीरियन निर्वासितांसाठीच्या निधीला आठवडाभर रोजच्या देणग्यांची संख्या आधीच्या शंभरपटीवर गेली. थोड्या आठवड्यांत तेही ओसरलं. युद्ध कुठे ओसरलं होतं?

तारवट्याचो_पूत
मास्तरांचं बरोबर, पण मला वाटतं फोटोपेक्षा नातं मोठं. माझे पप्पा कुवेतला होते. ऑगस्ट १९९० पर्यंत आमच्यासाठी कुवेत म्हणजे टँगची बरणी आणि मऊ ब्लँकेटं. इराकी सैन्य घुसलं आणि पत्रं बंद. आमच्या वाड्यावर ज्याला नकाशात आखात दाखवता येत नव्हतं तोसुद्धा बीबीसी लावून बसायचा, कारण प्रत्येक दोन घरांमागे एक माणूस तिकडे. पप्पा वाळवंटातून जॉर्डनला, अम्मानहून विमानाने मुंबई, मग बसने घरी आले. हातात एक पिशवी, आत दुसऱ्याच कुणाचं तरी स्वेटर. ते कुणाचं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.
आता आमचं कुणी सुदानात नाही. एवढंच आहे हे.

रात्रपाळी
वॉर्डात वीस वर्षं काढली, आम्हालाही लोक बधीर म्हणतात. रडत नाही खरं आहे, पण हात चालू असतो ना, सलाईन लावायचं, कूस बदलायची. टीव्हीसमोर हातच नाही चालवता येत, मग मन स्विच बंद करतं. ताई, काहीतरी छोटं कर, ओळखीच्या संस्थेला पाचशे रुपये पाठव, लगेच वाटायला लागेल बघ. उलट तेव्हाच जास्त त्रास होतो हेही सांगून ठेवते.

डिचोलीची_पोर
सगळ्यांना थँक्यू. एक राहिलं. आज त्याच बातमीबद्दल मोबाइलवर मोठ्याने वाचत होते, वेढ्यात धान्य संपल्यावर लोक अंबाझ खात होते म्हणे, शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरते ती पेंड, गुरांचं खाद्य. आजी कोपऱ्यात वाती वळत होती, तिला सुदान कुठे ते माहीत असायचं कारण नाही. तिचा हात थांबला. "पेंड? गोरवांची?" मी हो म्हटलं. काही बोलली नाही.
संध्याकाळी गोठ्यात गेली, घमेल्यात पेंड भिजत घातली आणि तिथूनच हाक मारून विचारतेय, "बाये, ते भिजोवन खातात काय तशीच?"
मला सांगता आलं नाही.