'स्ट्रीट सीन' (१९३१): कॅमेरा घरात शिरायला हवा होता का?

धागाकर्ता:
एल्मर राइसच्या नाटकावरून (१९२९, अमेरिकेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालेलं) किंग व्हिडॉरने हा बोलपट केला. पटकथाही राइसचीच. न्यू यॉर्कमधली भाडेकरूंनी गच्च भरलेली इमारत, अंगाची काहिली करणारा उकाडा आणि दारासमोरच्या पायऱ्यांवर रंगलेल्या गप्पा. काल दुसऱ्यांदा पाहिला आणि माझी तक्रार पक्की झाली. कॅमेरा एकदाही तिथल्या कुठल्याच बिऱ्हाडात शिरत नाही. रंगमंचावर एकच नेपथ्य असतं, हे समजू शकतो. सिनेमाला ती अडचण कुठे होती? अ‍ॅना मॉरंट त्या घरात कशी घुसमटते, दार लावल्यावर नवरा फ्रँक तिच्याशी कसा वागतो, हे दिसायलाच हवं होतं. आपल्या वाट्याला येते ती शेजारणींची कुजबुज. जिचा जीव जातो तिचीच बाजू सर्वांत कमी कळते, हे मला सहन होत नाही.

गॅलरीतून:
अजिबात पटलं नाही. मी गिरगावात चाळीत वाढले. शेजारच्या खोलीत काय चाललंय ते आम्हाला तरी कुठे दिसायचं? पडदा कधी ओढला, जिन्याने कोण वर गेलं, एवढ्यावरून सगळी चाळ निवाडा करून मोकळी व्हायची. व्हिडॉर आपल्याला तिथेच, पायऱ्यांवर बसवतो. खुनाचाच प्रसंग घ्या. अ‍ॅनाचा प्रियकर, दुधाचे पैसे वसूल करणारा सँकी, वर जातो. खिडकीचे पडदे खाली येतात. बाहेरगावी निघालेला फ्रँक परत येतो, अ‍ॅनाच्या मुलीवर, रोझवर, प्रेम करणारा शेजारचा सॅम त्याला थोपवू पाहतो आणि मग गोळ्यांचे आवाज. आत गेलो असतो तर ते एका जोडप्याचं भांडण झालं असतं. बाहेर राहिल्यामुळे आपणही बघ्यांतलेच एक होतो.

तिसरी घंटा:
कॅमेऱ्याबद्दल गॅलरीतून यांच्याशी सहमत. १९३१ साली आवाजाच्या यंत्रणेने बहुतेकांचा कॅमेरा जखडून टाकला होता, व्हिडॉरचा मात्र इमारतीच्या दर्शनी भिंतीवरून सहज फिरतो. माझी अडचण पात्रांची आहे. इटालियन संगीतशिक्षक, क्रांतीची भाषा बोलणारा म्हातारा ज्यू, स्वीडिश रखवालदार: बाल्कनीतल्या प्रेक्षकाला असे ठसे चालतात, क्लोजअपमध्ये ते उघडे पडतात. अपवाद ब्यूला बाँडीचा. नाटकातलीच मिसेस जोन्स तिने पडद्यावर आणली, हा तिचा पहिला चित्रपट. दुसऱ्यांच्या अब्रूचे हिशेब ठेवणाऱ्या या बाईचा स्वतःचा मुलगा रोझची वाट अडवतो, आणि त्यावर कोणी ब्र काढत नाही!

धागाकर्ता:
खुनाच्या प्रसंगाबद्दल माघार घेतो, तो बाहेरूनच हवा. पण रोझचं काय? आई गेली, बाप पकडला गेला, सॅम सोबत यायला तयार आहे आणि ही मुलगी त्याला नाही म्हणून धाकट्या भावाला घेऊन निघते. रोझ झालेल्या सिल्व्हिया सिडनीचा चेहरा पाहताना वाटत राहतं की एवढा मोठा निर्णय घेण्याआधी तिला त्या रिकाम्या खोलीत दोन मिनिटं एकटं बसू द्यायला हवं होतं. तेही आपण पाहायचं नाही?

गॅलरीतून:
एकटं बसायला तिला जागा आहे कुठे? नाटकात खून सकाळी होतो आणि त्याच दिवशी दुपारी एक जोडपं खोली बघायला येतं.